तुम्ही धरलेली मनगटं

मामा, लोकांची मनगटं धरणं तुम्ही एकाएकी का सोडलंत, ते मला शेवटपर्यंत नीट सांगितलं नाहीत. विचारलं की म्हणायचात, "हात थरथरतो रं आता." मी ते कधीच खरं मानलं नाही. त्याच हातानं तुम्ही घोंगडी शिवताना सुईत दोरा ओवत होता, अंधाऱ्या गोठ्यात दाव्याची गाठ एका झटक्यात सोडवत होता. थरथरणारा हात असा नसतो. तुम्हाला जाऊन महिना होत आला. घरात आई आणि मी दोघंच आहोत. आई तुमच्या आठवणी काढते आणि डोळे पुसते. मीही आठवणी काढतो, पण प्रत्येक वेळी मध्येच कुठेतरी अडकतो आणि मला तुमचा संशय येतो.

आधी चांगलं सांगतो, कारण ते जास्त आहे. वडील गेल्यावर आई मला कडेवर घेऊन तुमच्या ओटीवर आली, तेव्हा तुम्ही तिला एकही प्रश्न विचारला नाहीत. नांगर तसाच ठेवून आधी आमची वळकटी आत नेलीत. गावातली शाळा संपल्यावर मला कर्जतला नेऊन ठेवलंत आणि डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन चालत यायचात. कॉलेजात जायचं निघालं तेव्हा भावकीतले हसले. "शिकून काय बालिष्टर व्हनार काय ह्यो?" तुम्ही म्हणालात, "व्हईल नायतर नाय व्हनार. तुमच्या बांधावरनं तर जात नाय ना?" मी बी.एस्सी. होऊन आलो तेव्हा गावानं हार घातला. तुम्ही मात्र मला बाजूला घेऊन विचारलंत, "आता आमाला कळत नाय असं काय काय कळतं रं तुला?" इतका अवघड प्रश्न मला परीक्षेतही कुणी विचारला नव्हता. आज कर्जतच्या शाळेत मुलांना शास्त्र शिकवतो ते तुमच्यामुळे. हे मी तुमच्या तोंडावर कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, "जा, बैलांना पाणी दाव."

मनगट धरायची रीत तुम्हाला बैलांनीच शिकवली. बैल घेताना तुम्ही दात बघायचात, खूर बघायचात, मग शेपटीच्या मुळाशी खालून दोन बोटं लावून डोळे मिटून उभे राहायचात. विकणारा हळूहळू अस्वस्थ व्हायचा. मग तुम्ही दोस्ती केल्यासारखं त्याचंच मनगट हातात घ्यायचात आणि बैलाचं वय विचारायचात. "बैलाची नाडी शेपटीखाली, दलालाची मनगटात," असं सगळ्यांना सांगायचात. "दोनी बघितल्याबिगर येव्हार नाय."

तिथून ती रीत गावच्या निवाड्यात आली. कुणाचा बांध फुटला, कुणाचं बकरू नाहीसं झालं, की देवळापुढच्या अंगणात पंच बसायचे आणि तुम्ही त्या माणसाचं मनगट धरून विचारायचात. बहुतेक माणसं नाडी बघायच्या आधीच खरं सांगून टाकायची. बोटांपेक्षा तुमच्या मिटलेल्या डोळ्यांची भीती जास्त होती. कुणी तोंड वर करून बोललाच, तर तुम्ही स्वतःचा हात पुढं करायचात. "धर माझी. आन इचार काय इचारायचं ते. हलते काय बघ." तुमची नाडी खरोखर हलायची नाही. संथ, खोल, एकेक ठोका सावकाश यायचा. साधूची नाडी आहे, असं गाव म्हणायचं, आणि तुम्हाला ते आवडायचं.

कॉलेजात पहिल्यांदा बेडकाचं हृदय बघितलं, त्या सुट्टीत मी घाईनं घरी आलो होतो. आपण ओटीवर वाल सोलत बसलो होतो.

"मामा, बेडकाचं काळीज कापून मिठाच्या पाण्यात ठेवलं, तरी ते उडत होतं."

"बेडूक मेल्याला?"

"मेलेला."

"मंग त्ये कुनाच्या सांगन्यावरनं उडत व्हतं?"

मी सांगितलं की त्याच्यातच एक जागा असते, तिथून ठोका सुरू होतो. कुणी सांगावं लागत नाही. पण मेंदूकडून त्याच्याकडे दोन प्रकारच्या नसा येतात. एक त्याला आवरते, दुसरी हाकते.

"म्हंजे एक कासरा आन एक पराणी," तुम्ही म्हणालात.

मी आजही वर्गात तसंच शिकवतो. पराणी म्हणजे बैलाला टोचायची काठी म्हटलं की मुलं हसतात, पण विसरत नाहीत. त्या दिवशी मला वाटलं, मामांना पटलं. म्हणून मी पुढं बोलत गेलो. माणूस निवांत बसलेला असला तरी कासरा थोडा ओढलेलाच असतो. तो नुसता सैल सोडला तरी ठोके वाढतात. माणूस उठून उभा राहिला, श्वास आत घेतला, तरी थोडा फरक पडतो. भीती वाटली, लाज वाटली, चढ चढला, की पराणी लागते. शिवाय मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक गाठ असते, तिचा रस रक्तात उतरतो, म्हणून भ्यायचं कारण संपलं तरी छाती लगेच शांत होत नाही.

"लबाडीला वेगळी पराणी नाही, मामा," मी म्हणालो. "भीतीची आणि लाजेची तीच."

तुमचा हात वालावर थांबला. "तू बेडकाचं सांग. मानसाचं मला ठाव हाय."

आपलं भांडण तिथं सुरू झालं आणि संपलंच नाही.

येसूकाकीचा निवाडा झाला तेव्हा मी मुंबईला कॉलेजात होतो. लढाईचे दिवस होते, तांब्याला लोक सोन्यासारखं जपायचे. गावकीची भांडी, म्हणजे लग्नाकार्याला सगळ्यांनी वापरायचे हंडे, पातेली, पराती, देवळामागच्या खोलीत असायची. प्रत्येक कार्यानंतर ती चिंच आणि राख लावून घासायची आणि खोलीत पालथी घालायची, हे येसूकाकीचं काम. नवरा गेल्यापासून तिला गावात जो काही मान होता, तो त्या भांड्यांचा होता. लग्नघरी ती आली की बायका म्हणायच्या, "आल्या गं हंड्याच्या मालकीनबाय." तीही तोऱ्यात सांगायची, "ऐ, पातेल्याला डाव आपटू नको. तुज्या बापानं नाय आनलं."

त्या वर्षी आपल्याच भावकीतल्या एका लग्नानंतर तांब्याचा मोठा हंडा खोलीत मिळाला नाही. तुम्ही तिला अंगणात बसवलंत आणि सगळ्या गावासमोर तिचं मनगट धरलंत. आईनं मला सांगितलं ते असं: तुम्ही विचारलंत, "हंडा कुठं हाय, येसू?" ती म्हणाली, "मला ठाव नाय, दादा." तुम्ही डोळे उघडलेत आणि पाटलांकडे बघून एवढंच म्हणालात, "नाडी पळतेय."

शिक्षा कुणी सुनावली नाही. दंड नाही, काही नाही. फक्त पुढच्या लग्नाला भांडी घासायला दुसऱ्या बाईला बोलावलं. मग तेच चालू राहिलं. काकी लग्नाला यायची, मांडवाच्या कडेला बसायची, जेवून जायची. एकदा चौक गावाकडून आलेल्या एका नव्या सुनेनं काही माहीत नसल्यामुळं तिच्या हातात भाताचा डाव दिला, तर पाटलीणबाईंनी तो हसत हसत काढून घेतला. ते हसणं मी पाहिलं. काकी पदर नीट करत राहिली, जणू तो बराच वेळ चुकीचा पडला होता.

तेव्हापासून तुम्ही कुणाचंही मनगट धरलं नाहीत.

आता सांगा, मी संशय घेऊ नको तर काय करू? हंडा लग्नघरातून परत आला होता की नाही, हेच कुणी विचारलं नाही. लग्न आपल्या भावकीतलं. भांडी बैलगाडीत भरणारे आपल्या भावकीतले. तुम्ही पहिलं मनगट धरलंत ते काकीचं. त्यांच्यापैकी एकाचंही नाही. आणि ते धरल्यावर तुमचा हात कायमचा थरथरायला लागला. हंडा कुठं गेला ते मला माहीत नाही. पण तुम्हाला माहीत होतं का, हा किडा माझ्या डोक्यातून जात नव्हता.

शिकून परत आल्यावर मी एकदा सरळच विचारलं. तुम्ही रागावला नाहीत. हात पुढं केलात. "धर. आन इचार."

मी धरला. "काकीनं हंडा घेतला नाही हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

"नाय."

नाडी होती तशीच. एक ठोका, मग इतका वेळ की पुढचा येतो की नाही असं वाटावं, मग दुसरा. "झालं समाधान?" म्हणून तुम्ही हात काढून घेतलात आणि तंबाखू मळायला लागलात. माझं समाधान झालं नाही.

मग या थंडीत तुम्हाला घेरी यायला लागली. एकदा टेकडीवरच्या देवीला आपण दोघं गेलो. वर पोचेपर्यंत तुम्हाला इतकी धाप लागली की तुम्ही पायरीवरच बसलात. मी घाबरून मनगट धरलं. माझी स्वतःची छाती धडधडत होती. तुमची नाडी मात्र ओटीवर असते तितकीच संथ. तेव्हा मला वेगळाच संशय आला. चढ चढूनही ज्याला पराणी लागत नाही, ते काळीज साधूचं नाही, आजारी आहे.

तुम्ही कर्जतच्या डॉक्टरकडे यायला तयार नव्हता. "त्यो नाडी बघनार. ती मलाच बघता येती." आईनं शपथ घातली तेव्हा आलात. डॉक्टरांनी तुम्हाला उशीवर टेकवून निजवलं, मनगट धरलं, आणि मला म्हणाले, "मास्तर, इकडे या. गळ्याकडे बघा."

तुमच्या गळ्याच्या बाजूला, कातडीखाली शिरेत बारीक हालचाल होती. भराभर. मनगटात एक ठोका होईपर्यंत गळ्यात दोन-तीनदा फडफड व्हायची. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचा वरचा भाग ठीक चालतोय, मेंदूचं ऐकतोय. पण वरून खाली निरोप जायची वाट तुटली आहे. त्यामुळे खालचा भाग आपल्याच संथ चालीनं चालतो. तुम्ही धावा, घाबरा, रडा, त्याला कळतच नाही. औषध विचारलं तर ते नुसतं म्हणाले, "जपा."

परतताना बैलगाडी मी हाकत होतो. चौकचा रस्ता अर्धा झाल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हंजे माजी नाडी माजं कायच सांगत नाय?"

"मनगटातली नाही, मामा."

"आन येसूची सांगत व्हती?"

मला शब्द जुळवावे लागले नाहीत. किती दिवस तयार होते. "तुम्ही एका विधवा बाईचा हात सगळ्या गावापुढं धरला होतात. तिची नाडी पळाली नसती, तरच मला संशय आला असता."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. तुम्ही बैलांकडे बघत होता. मी मात्र तुमच्या गळ्याकडे बघत होतो. मामा, ती फडफड वाढली होती. मला ती स्पष्ट दिसली. तुमचं मनगट जे सांगू शकत नव्हतं, ते गळा सांगत होता, आणि ते वाचता येणारा त्या रस्त्यावर मी एकटा होतो. माझ्या ओठांवर आलं होतं, सापडलात. तुम्हाला आधीपासून माहीत होतं.

आणि मग मला माझीच शरम वाटली. तिथं काय वाढलं होतं? दुःख असेल, राग असेल, मरणाची भीती असेल. गाडी नुसती खड्ड्यात आदळली असेल. मी तुमच्याशी तेच करत होतो जे तुम्ही काकीशी केलंत. मी मान फिरवली.

"शिमग्याला गाव बसंल," तुम्ही म्हणालात. "तवा बोलतो."

"काय बोलणार?"

"बोलतो म्हनलो ना रं. आता गाडी हाक."

शिमगा आला नाही. खळ्यावर पेंढा रचताना तुम्ही खाली बसलात आणि उठला नाहीत. मेंदूनं हाका मारल्या असतील, वरच्या कप्प्यानं त्या ऐकल्याही असतील. खाली कुणी ऐकलं नाही.

तुम्ही खरंच बोलला असता का? "बोलतो" हा शब्द तुम्ही बैलाच्या व्यापाऱ्यालाही वापरायचात, आणि नंतर त्याच्या दारावरून दुसऱ्या रस्त्यानं जायचात. गाडीतल्या मास्तरला गप्प करायचं म्हणूनही तुम्ही तसं म्हणाला असाल. पण गावात तो निवाडा मागे घेऊ शकणारा माणूस एकच होता, आणि तो मी स्वतःच्या हातानं जाळून आलो होतो. आता काकी जन्मभर मांडवाच्या कडेलाच बसणार होती.

म्हणून तुमच्या तेराव्याला पंगत बसली तेव्हा मी उभा राहिलो. देवळामागून भांडी आली होती, भात आणि वालाचं बिरडं वाढून झालं होतं. काकी पंगतीच्या टोकाला, कुडाला पाठ लावून बसली होती. मी सांगितलं की मामा शिमग्याच्या सभेत येसूकाकीबद्दल बोलणार होते. नाडी पळाली म्हणजे चोरी केली असं होत नाही, हे त्यांना पटत आलं होतं.

नामा पाटील पानावरून म्हणाले, "आसं तुजा मामा बोलला?"

"बोलतो म्हणाले होते."

"काय बोलतो ते म्हनला?"

"नाही."

"मंग मेल्याल्या मानसाच्या तोंडी कशापायी घालतोस, मास्तर? चार बुकं शिकलास म्हनून?" ते उठले, खरकटा उजवा हात तसाच ठेवून डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट पकडलं. पन्नासेक माणसं हात थांबवून बघत होती. "सांग आता. मामाला पटलं व्हतं?"

"पटत आलं होतं," मी म्हणालो. ते मला जितकं खरं वाटत होतं तितकंच मी बोललो. आणि माझ्या कानांत ठोके वाजत होते. मला सगळं ठाऊक होतं, कासरा सुटलाय, पराणी लागलीय, गाठीतून रस उतरतोय. ठाऊक असून एक ठोका कमी करता आला नाही.

पाटलांनी गावाकडे बघितलं. "पळतेय," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं. मग पंगतीच्या टोकावरून काकीचा आवाज आला. इतक्या वर्षांत तिला एवढ्या मोठ्यानं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"पळतेय काय? मंग ये रं भाच्या, हिकडं येऊन बस. आता तू बी हंडा चोरलास."

आई फिस्सकन हसली आणि लगेच रडायला लागली. मी जाऊन काकीशेजारी बसलो. मागून आईही आपलं पान उचलून आली. पाटील हात धुऊन निघून गेले, आणि त्यांच्याबरोबर आपल्या भावकीतली बरीच माणसं अर्ध्या पानावरून उठली. तुमच्या तेराव्याला माणसं उपाशी गेली, मामा, आणि ती माझ्यामुळे गेली. तुम्हाला हे आवडलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. भावकीतले कोण कोण किती घाईनं उठले ते मात्र मी बघून ठेवलं आहे. त्यावरून मी काही ठरवणार नाही, असं स्वतःला रोज बजावतो.

हंडे भाताचे अर्धे भरलेले राहिले. भात गार होत होता, भांडी रिकामी करून सूर्य मावळायच्या आत खोलीत ठेवायची होती. घासायला बोलावलेली बाई पाटलांच्या मागं निघून गेली होती. काकीनं पाणी प्यायलं, पदर खोचला आणि आईला म्हणाली, "चिंच हाय काय गं घरात? का तीबी दादाबरुबर संपली?"

आईनं चिंच आणली. काकीनं हंडा अंगणात आडवा केला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तळाची खरड काढायला लागली. राहिलेली माणसं बघत होती. कुणी अडवलं नाही, कुणी बोललंही नाही. गप्प बसलेल्या माणसाला मान्य आहे असं धरायचं नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकलो, म्हणून मी तसं धरत नाही. ती मध्येच थांबली आणि हंड्यातून डोकं बाहेर न काढता ओरडली, "आरं बघत काय बसला, मास्तर? पानी वत."

मी पाणी ओतलं.